वायर जुनीच होती

अहो,

मी ताईकडे जातेय, उद्या येईन. जेवण झाकून ठेवलंय.

काल तुम्ही स्पीकरला ती महागडी वायर जोडलीत आणि तुमच्या गाण्याच्या क्लासमधल्या मैत्रिणीला आणायला खाली गेलात. तेवढ्यात मी ती काढून जुनीच लावली. नवी सोफ्यामागे आहे.

"आवाजावरचा पडदाच दूर झाला!" गाणं लागताच ती म्हणाली. तुम्ही म्हणालात, "कान असावेत तर असे." मी म्हटलं, "मला तर तसंच ऐकू येतंय," तर दोघंही हसलात.

वायरीचं मला काही नाही. मैत्रीण शेजारी होती म्हणून तुम्हाला गाणं गोड लागलं, हे मात्र झोंबलं. उद्या जुन्याच वायरीवर माझ्याशेजारी बसून ऐका. गोड नाही लागलं, तर तोंडावर सांगा.