ड्रमचा सेट मेव्हण्याला देण्याबाबत

मी, खाली सही करणारा, आमच्या रॉक बँडचा ड्रमवादक, हे स्वखुशीने लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डावा कान गेला आहे, पण मृत्युपत्राला कान लागत नाही असं वकील म्हणाले. यापूर्वी रागाच्या भरात केलेली माझी सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. तिने माझा ठोकाठोकीचा संसार निभावला. तालमीच्या खोलीत आवाज अडवायला चिकटवलेले अंड्यांचे ट्रे काढताना भिंतीचा रंग निघेल, त्याला माझा नाइलाज आहे.

२. आमचा कीबोर्डवाला, ऊर्फ बटण्या, याला माझ्याकडून काडीही मिळू नये. माझ्या ड्रमऐवजी ताल देणारं यंत्र बँडमध्ये त्यानेच आणलं. "आता जमाना इलेक्ट्रॉनिक आवाजाचा आहे," म्हणाला. दुसऱ्या बँडचं एक जुनं गाणं नव्या ढंगात करून सिंगल काढायचं ठरलं आणि मला सांगण्यात आलं, "तू फक्त बटण दाब." मी ड्रमच्या काठीने दाबलं. बटण आत गेलं ते गेलंच. त्याची भरपाई माझ्या मालमत्तेतून करू नये.

३. त्या सिंगलच्या श्रेयाबद्दल. शेवटच्या कडव्यात मी ताल पळवतो, आणि इतक्या वर्षांत अख्ख्या बँडला माझ्यासोबत पळायची सवय लागली आहे. त्या दिवशी मी ड्रमवर नव्हतो, तरी सगळे पळाले. यंत्र मात्र आपल्याच चालीने येत राहिलं आणि गाणं संपल्यावरही, बटण अडकल्यामुळे, एकटंच धडधडत बसलं. रेकॉर्डिस्टला वाटलं, ही कलाच आहे. आता लोक नेमके त्या धडधडीवर नाचतात. माझी बायकोसुद्धा नाचली. माझ्या ड्रमवर तिने कधी मानही डोलावली नव्हती. मला ते फार लागलं.

४. ड्रमचा सेट झांजांसकट मेव्हण्याला, म्हणजे आमच्या गायकाला. सिंगल निघाल्यापासून मी त्याच्याशी अबोला धरला आहे. त्याने मला बँडमधून काढलं नाही, पण तालमीला बोलावणंही सोडलं. सेट त्याने दिवाणखान्यात मधोमध मांडावा, म्हणजे येताजाता पायात येईल.

५. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना माझ्या पश्चात शांतता मिळेल. ती मालमत्तेत धरत नाहीत, त्यामुळे त्या साक्षीदार होऊ शकतात.

पुरवणी: आणखी एक साक्षीदार म्हणून पत्नीने मला न विचारता आपल्या भावालाच बोलावलं. वकिलांनी त्याला बजावलं, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. सही केलीत तर ड्रमवर पाणी सोडावं लागेल."

मेव्हण्याने कलम चार वाचलं आणि पेन मागितलं.

"दाजी, मी सही करतो. ड्रम घेऊन मी काय करू? शेवटच्या कडव्यात आम्ही पळत सुटतो आणि मागे कुणीच नसतं. उद्या तालमीला या."

"आणि ते यंत्र?"

"राहू दे की. तुम्ही व्हा पुढे, ते येईल मागून."

मी बोटांनी टेबलावर ठेका धरला. वकिलांनी ते संमती म्हणून नोंदवलं आहे.

सबब कलम चार रद्द. ड्रमचा सेट माझ्याकडेच राहील. मला तो उद्या लागणार आहे.

सही: ड्रमवादक
साक्षीदार: १. मेव्हणा, गायक. २. डॉक्टरीणबाई (पुरवणी ऐकल्यावर, नाखुशीने)
स्थळ: आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: शनिवार, तालमीच्या आदल्या दिवशी