दुसरी चावी समक्ष जमा करावी

५ जानेवारी, सोमवार
नवी नोकरी, नवं गाव, म्हणून नवी वही. आई म्हणाली, अश्लेषा, तुझी रोजनिशी चार दिवसांच्या वर टिकत नाही. बघूच.

सांगलीहून निघाले तेव्हा स्वेटर कशाला घेतेस म्हणून सगळे हसले होते. इथं ग्वाल्हेरला भर दुपारी धुकं आहे आणि मी दोन स्वेटर चढवून बसले आहे. दर्पण कॉलनीत मंदाताईंकडे वरची खोली मिळाली. त्यांचं कुटुंब पाच पिढ्या इथलं, मराठी गोड पण अर्धं हिंदी. आल्या आल्या त्यांनी तिळाची गजक हातावर ठेवली आणि गीझर ऑन केलाय, आरामात नहाऊन घे, जल्दी काही नाही, म्हणाल्या. मला बाई फार आवडल्या.

ऑफिस लष्कर नावाच्या जुन्या भागात, बाडा चौकाजवळच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. टेम्पो बाहेरच सोडतो. गल्लीत स्कूटर कशीबशी जाते, मोटार नाहीच. काम चोरीला गेलेल्या गाड्यांचे विम्याचे दावे तपासायचं.

७ जानेवारी
आज हेमेंद्रनं काम शिकवलं. शेजारच्या टेबलावर बसतो, जन्म इथलाच, प्रत्येक वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवतो. हल्ली बहुतेक दावे बिनचावीच्या गाड्यांचे. चावी खिशात असली की दार आपोआप उघडतं, बटण दाबलं की इंजिन चालू. चोर एक यंत्र घेऊन घराच्या दाराशी उभा राहतो, आत टांगलेल्या चावीचा सिग्नल ओढून गाडीपर्यंत पोचवतो. गाडीला वाटतं मालक आला.

उपाय साधा. घरी आलं की चावी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात टाकायची आणि डबा हातात घेऊन गाडीशी उभं राहायचं. दार उघडलं तर डबा बेकार. शिवाय स्टीयरिंगला लोखंडी दांडा. हेमेंद्र म्हणतो, लोक एक चावी डब्यात ठेवतात आणि दुसरी बायकोच्या पर्समध्ये विसरतात. दाव्याला मात्र दोन्ही चाव्या लागतात. एक कमी असली तर मालकानंच गाडी विकली असं धरायचं. जमा झालेल्या चाव्या आमच्या कपाटात अशाच डब्यांत असतात. कपाट उघडलं की स्वयंपाकघर वाटतं.

९ जानेवारी
पहिली फाइल. सहा महिन्यांत कायम व्हायचं तर हिचा निकाल नीट लागायला हवा.

शिवाजीराव भोईटे, निवृत्त शिक्षक. तीन नोव्हेंबरला दुपारी लग्नाला निघाले होते. पत्नी शांताताई पुढे जाऊन गाडीत बसल्या. हे गॅस बंद आहे ना बघायला परत आत गेले. बाहेर आले तर गाडी नाही आणि बाई नाही. त्यांची चावी नियमानं डब्यात होती, दांडा त्यांनीच नुकता काढून ठेवला होता. दुसरी चावी शांताताईंच्या पर्समध्ये. म्हणजे गाडीतच. चोराला नुसतं बटण दाबायचं होतं. दोन महिने पोलिसांना काही सापडलेलं नाही.

गाडी शांताताईंच्या नावावर आहे, म्हणून नोटीस त्यांच्याच नावानं काढली. हेमेंद्र म्हणाला, छोड दे यार, बाई लापता आहे, नवऱ्याचा जबाब घे. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. मजकूर मी स्वतः लिहिला: आपण दि. २७ जानेवारी रोजी दुपारी चार वाजता समक्ष हजर राहून दुसरी चावी खाली सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती जमा करावी. खाली माझी सही. ठसठशीत झाली आहे. साहेबांनी ड्राफ्टिंगची तारीफ केली.

१४ जानेवारी, संक्रांत
नोटिशीची पोचपावती परत आली. सही: शांता भोईटे. शाई पसरलेली, कागद ओल्या हातानं धरल्यासारखा.

शिवाजीरावांना फोन केला. म्हणाले, घरी टपाल आलेलंच नाही. सहीचा फोटो मागितला. पाठवल्यावर त्यांनीच फोन केला, ही तिचीच सही आहे म्हणाले.

मला तर आनंदच झाला. बाई जिवंत आहे, कुठंतरी लपली आहे, आणि दोघं मिळून कंपनीला गंडवताहेत. पहिल्याच फाइलीत मी चोरी पकडली.

१६ जानेवारी
शिवाजीरावांनी जमा केलेली चावी फोटो काढायला डब्यातून काढली. हिच्यावर एक लाल ठिपक्याएवढा दिवा आहे. गाडी हातभर अंतरावर आली की ती चावीला विचारते, कोण आहे, आणि चावी उत्तर देते तेव्हाच तो लुकलुकतो. एरवी नाही.

माझ्या टेबलावर तो लुकलुकला. तीनदा. दुसऱ्या मजल्यावर, जिथं गल्लीत गाडी शिरत नाही.

हेमेंद्र म्हणाला, सेल गया होगा. कॉलनीच्या कोपऱ्यावर एक चावीवाला आहे, त्याला दाखवायला ती माझ्या जेवणाच्या डब्यात घालून घरी आणली. हे नियमात बसत नाही, पण दोन दिवसांचाच प्रश्न आहे.

१८ जानेवारी, रविवार
काल चावीवाल्यानं उघडून पाहिली. सेल ठीक, सगळं ठीक. त्याच्या हातात दिवा लुकलुकला तेव्हा त्यानं मान वर करून विचारलं, गाडी कुठं उभी केलीय.

आज चावी टेबलावर उघडीच ठेवून दौलतगंजात उशी आणायला गेले होते. परतले तर मंदाताई म्हणाल्या, अगं, तुझ्याकडे एक बाई येऊन गेल्या. मंदाताईंकडे आज हळदीकुंकू. दाराशी सवाष्ण उभी, मग त्यांनी तिलाही कुंकू लावलं. कपाळ इतकं ओलं होतं की कुंकू नाकापर्यंत ओघळलं. मोरपंखी साडी, काठातून पाणी टपकत होतं. मंदाताईंना वाटलं, धुक्यात भिजली बिचारी. तिळगूळ दिला, तो तिनं मुठीत धरला, खाल्ला नाही. तुझ्या सहीचा कागद दाखवत होती गं, म्हणाल्या. तारीख अजून आली नाही, नुसतं घर पाहून ठेवते, असं म्हणाली. बाहेर गाडी उभी होती, पण चालवणारं कुणी दिसलं नाही.

पायरीवर अजून ओल आहे. मी पाहिली. चावी डब्यात टाकली आणि झाकणावर वरवंटा ठेवला.

२० जानेवारी
पोलिसांचा ऑफिसात फोन. गाडी सापडली. शहराबाहेर दगडाची जुनी खाण आहे, हिरव्या पाण्यानं भरलेली. चोरांनी तिथं ढकलली असणार. दारं आतून उघडली नव्हती. पुढच्या सीटवर बाई, पट्टा लावलेला, मोरपंखी साडी. डॉक्टर म्हणतात, त्याच दिवशी गेली. तीन नोव्हेंबरला.

पर्स मांडीवर होती. चावी नाही. पर्समध्ये आमची नोटीस. कोरडी.

इन्स्पेक्टरनी विचारलं, ही कधी पाठवलीत. मी सांगितलं, नऊ जानेवारी. त्यांनी पुन्हा विचारलं.

मी बाईला चोर ठरवलं होतं. पेढा मिळाल्यासारखी खूश होते मी त्या दिवशी. माझी मलाच शिसारी येते आहे.

२१ जानेवारी
दावा मंजूर करावा असं लिहून दिलं. नोटीस रद्द केल्याचं पत्र शांताताईंच्या नावानं टपालात टाकलं. दुसरं काय करणार.

२३ जानेवारी
पत्र परत आलं. पोस्टमनचा शेरा: पत्तेदार मृत.
पहिलं मात्र घेतलं होतं.

२४ जानेवारी
शिवाजीरावांकडे गेले, चावी परत द्यायला. पाय धरायला वाकले तर मागे सरकले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, गॅस बंदच होता. उगाच गेलो मी आत.

चावी हातात घेऊन त्यांनी डबा बाजूला सारला आणि ती खिडकीत उघडी ठेवली. म्हणाले, ती आलीच तर गाडीला कळायला हवं, मी घरीच आहे. पत्नी मंदाताईंकडे येऊन गेली हे त्यांनी माझ्याकडून तीनदा ऐकलं. मग विचारलं, माझ्याकडे का नाही आली.

तिला तुम्ही बोलावलं नव्हतंत. मी बोलावलं. हे मी बोलले नाही, पण त्यांना कळलं.

२६ जानेवारी
ऑफिस बंद. सांगलीचं तिकीट काढलं होतं, गाडी धुक्यानं रद्द. उद्या ऑफिसला जाणार नाही. नाहीच गेले तर —

पण मजकुरात ऑफिस नाहीच. अधिकाऱ्याच्या हाती, असं आहे. अधिकारी म्हणजे मी. जिथं असेन तिथं.

मीच लिहिलं हे.

२७ जानेवारी, दुपार
मंदाताई देवळात गेल्या. थांबा म्हटलं, तर आत्ता येते म्हणाल्या. हेमेंद्र निघालाय, बाड्यावर जाम आहे म्हणतो.

३.४०. शिवाजीरावांचा फोन. खिडकीतली चावी लुकलुकत होती, म्हणाले. आता थांबली. पुढे गेली ती. रडत होते.

३.५५. खाली गाडीचं दार लागलं. भोंगा दोनदा पिकपिकला, बंद करताना वाजतो तसा. त्याच वेळी माझ्या दाराची कडी — आतून लागली. मी हात लावला नव्हता. खिडकीही हलत नाही. काच ठोकली. बाहेर धुकं नाही, हिरवं काहीतरी —

४.०० समोर बसल्या आहेत. कपाळावर कुंकू ओघळलेलं. मी म्हटलं दावा मंजूर झाला, शांताताई, चावी नको, राहू द्या, घरी जा, ते वाट बघताहेत. ऐकत नाहीत. हात पुढे केला आहे. म्हणतात, नियम आहे ना. पोच द्या.

फरशीवर पाणी. घोट्यापर्यंत. छातीवरून काहीतरी आवळलं आहे, पट्ट्यासारखं, उठता येत नाही —

लिहिते आहे. पोच दिली की जातील.

चावी एक, चालू स्थितीत. जमा करणार, शांता शिवाजीराव भोईटे. समक्ष. पाणी वहीला लाग — स्वीकारणार,