उचलणाऱ्याच्या मापाची

४ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारी मिळालं. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा थंडीत धरतो, तेवढंच. फोनवर तू घाईत असतेस आणि मी नुसतं हो-हो करते, म्हणून सविस्तर लिहितेय.

‘कंपनीने यंदा आम्हा सहलप्रमुखांना जोडीदाराचं एक तिकीट दिलंय, मी आईला तीन आठवडे फिरवून आणते’ हे वाक्य आईने मला तीनदा वाचायला लावलं, चौथ्यांदा चष्मा लावून स्वतः वाचलं. मग पत्र घेऊन खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंकडे गेली. जिना उतरताना तिला गुडघा आठवला नाही.

तू विचारलंयस, आईला कोणती बॅग घ्यायची. ‘ताई, बॅगांमधलं तुझ्याइतकं कुणाला कळतं?’ वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दुकानात बावीस वर्षं झाली मला. इस्पितळात जाणाऱ्याला मी वरून रुंद उघडणारी बॅग देते, पडल्यापडल्या हात घालता येतो. बोटीवर कापडी, कारण खोली अरुंद असते आणि बॅग दाबून बाकाखाली सरकवावी लागते. डोंगरात पाठीवरची, दोन्ही हात मोकळे हवेत. कामाच्या दौऱ्यावर जाणाऱ्यांना कडक कवचाची, शर्टाची घडी मोडत नाही. नवीन लग्न झालेली जोडपी भलीमोठी मागतात आणि अर्धी रिकामी नेतात. कुणाच्या मयताला निघालेलं माणूस हाताला लागेल ती उचलतं, त्याच्याशी मी बोलतसुद्धा नाही, नुसती चेन नीट चालते ना बघून देते.

लोक येतात आणि सामान किती ते सांगत बसतात. मी विचारते, उचलणार कोण? बॅग उचलणाऱ्याच्या मापाची घ्यावी. हे मी नव्या मुलींनाही शिकवते.

तर तुझ्या सहलीत आगगाडी आहे, मग बोट, मग डोंगरातले चार दिवस. आईसाठी मी एक पाहून ठेवलीय. जरा मोठी आहे, कडक कवचाची, पण तीन आठवडे म्हणजे काही थोडे नव्हेत. मी स्वतः भरून देईन. तू काळजी करू नकोस.

तुझी सगळी पत्रं आई उशाशी ठेवते. माझ्या चिठ्ठ्या, ‘दूध तापवलंय’, ‘निळी गोळी जेवणानंतर’, रद्दीत जातात. साहजिकच आहे म्हणा. असल्या चिठ्ठ्या कोण जपून ठेवतं?

बाकी क्षेम.

तुझी,
ताई


१५ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

आशीर्वाद. वाईट वाटून घेऊ नकोस, पण आई येत नाही म्हणते.

रविवारी बॅग भरली. आईने उचलून पाहिली, जमिनीपासून वीतभर वर आली आणि खाली ठेवली. मग पलंगावर बसून राहिली. मी तिला जे खरं आहे ते सांगितलं. तुझ्या हाताखाली तीस-तीस माणसं असतात, तुला त्यांचं बघायचं असतं, आईची बॅग तुला धरता येणार नाही. बोटीच्या शिडीवर, डोंगरातल्या मुक्कामाच्या जागी जिने असतात. जिचं ओझं तिने उचलायचं. आई म्हणाली, “मग नको. पोरीला कामात लोढणं कशाला?” मी फार आग्रह केला नाही. या वयात जबरदस्ती करू नये.

तू तिकीट दुसऱ्या कुणाला देऊन टाक. महिनाअखेरपर्यंत थांबते असं तू लिहिलंयस खरं, पण थांबण्यात अर्थ दिसत नाही.

इथे सगळं नेहमीसारखं. दुकानात सुट्ट्यांची गर्दी आत्तापासूनच सुरू झालीय. संध्याकाळी घरी येते, आईचा गुडघा चोळते, आम्ही दोघी जेवतो. आमचं छान चाललंय.

ताई


२७ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

परवा फोनवर मी एवढंच म्हणाले की आई येतेय, आणि तू आनंदाने इतकी ओरडलीस की मला पुढचं बोलता आलं नाही. बोलायला हवं होतं. आता लिहिते. वाचायला निवांत जागा बघ.

त्या बॅगेत आईचे कपडे होते, औषधं होती, दोन शाली होत्या. आणि तळाशी, मी ठेवलेली, घरातली जुनी लोखंडी इस्त्री होती. तिच्यावर तुझे कॉलेजातले दोन जाडे शब्दकोश, आणि त्यांच्यावर घडी घातलेली सतरंजी. मी बावीस वर्षं लोकांच्या बॅगा हलक्या करतेय ठमे. जड कशी करायची हे मला कुणी शिकवायला नको होतं. बॅगही मी मुद्दाम अशी निवडली होती की रिकामीसुद्धा तिला झेपू नये. तीस माणसांचं आणि ओझ्याचं बोलणंही त्याच दिवशी जुळवलेलं. तू आईची बॅग धरणार नाहीस असं तू कधीच म्हणाली नव्हतीस.

आई नाही म्हणाली तेव्हा मला काय वाटलं, तेही सांगते. जिंकल्यासारखं वाटलं. त्या संध्याकाळी मी तिच्या आवडीचं रांधलं.

पुढच्या आठवड्यात शिवणवाल्या बाईंनी मला जिन्यात अडवलं. रोज दुपारी दोन ते तीन आमच्या घरातून काहीतरी गडगडतं, त्यांच्या डोक्यावर इकडून तिकडे जातं, मशीनवर लक्ष लागत नाही, असं त्या म्हणाल्या. चिडून नाही, पण विचारायला हवं म्हणून. मी म्हटलं आई कपाट सरकवत असेल. मलाही ते तेव्हा खरंच वाटलं.

मंगळवारी डोकं दुखायला लागलं म्हणून मालकांना सांगून दुपारीच निघाले. खालचं दार उघडलं तर वरून धाप लागल्याचा आवाज. आई जिन्यात होती. ती मोठी बॅग एका पायरीवर, आई तिच्या वरच्या पायरीवर, कठडा एका हाताने धरलेला. बॅग ओढायची, टेकवायची, थांबायची, मग पुढची पायरी. घरातला गाऊन आणि पायात बाहेरचे बूट. तू मागच्या वर्षी पाठवलेले.

मला बघून ती लाजली. चोरी पकडल्यासारखी.

“आधी घरात फिरवते, मग जिन्यावर. अकरा पायऱ्या जमतात आता,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशी तीनच जमल्या होत्या.”

मी म्हटलं, “तू तर नाही म्हणाली होतीस.”

“हो म्हटलं असतं आणि जमलं नसतं तर तिच्यासमोर फजिती झाली असती. म्हटलं, आधी सोळा चढून बघू. मग महिना संपायच्या आत सांगू.”

मी बॅग घ्यायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला. उरलेल्या पाच पायऱ्या तिला त्याच दिवशी चढायच्या होत्या. नाही जमल्या. तेराव्या पायरीवर बसली. मी तिच्या खालच्या पायरीवर बसले. तिचा घोटा सुजला होता, आणि ती सूज मी दोन-तीन रात्री तेल लावताना बघितली होती. थंडीची म्हणून सोडून दिली होती.

मी विचारलं, “एवढं जड आहे तर आतलं काही काढलं का नाहीस?”

“तू भरलंयस ना,” आई म्हणाली. “मला काय कळतं त्यातलं? इस्त्री बघून मला नवल वाटलं, पण म्हटलं तिकडे लागत असेल. पुस्तकं ठमीची, म्हणजे तिने मागवली असतील.”

तिथेच जिन्यात मी तिला सगळं सांगितलं. सांगताना रडले नाही, उगाच तिची दया मिळवायला नको. ती ऐकत राहिली. शिवणवाल्या बाई दार उघडून बाहेर आल्या, आम्हाला बघितलं आणि परत आत गेल्या.

आई म्हणाली, “म्हणजे मी नऊ दिवस इस्त्री चढवत होते.”

एवढंच. मग उठली, कठडा धरून वर गेली. बॅग मी आणली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. गोळ्या स्वतःच्या स्वतः घेतल्या, गुडघा चोळू दिला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघताना म्हणाली, “येताना माझ्यासाठी बॅग आण. नीट बघून आण.” मग मी तुला फोन केला.

नीट बघून आणलीय. कापडी आहे, गडद हिरवी, मोठ्या चाकांची. भरल्यावर आई ती एका हाताने उचलते, मी तिला सहा वेळा उचलायला लावली. आत कपडे गुंडाळी करून ठेवलेत, घडी नाही. औषधं गळ्यातल्या छोट्या पिशवीत, ती पिशवी तिने झोपतानाच फक्त काढायची. बोटीसाठी वरून घालायचं पावसाळी कव्हर बाजूच्या कप्प्यात आहे. डोंगरात ही बॅग वर नेऊ नकोस. खाली सामान ठेवायची सोय असेल तिथे ठेव, आणि चार दिवसांचं तुझ्या पाठीवरच्या बॅगेत घाल. तिच्या पाठीवर काही देऊ नकोस. घोट्याला पट्टा बांधलाय, डॉक्टरांनी चालायला हरकत नाही म्हटलंय. हे खरं आहे, यावेळी खरोखर विचारलंय.

आता राहिलेलं. मी का केलं हे तू विचारशीलच.

मला वाटलं होतं, आई तुझ्याबरोबर गेली तर ती परत येताना तुझीच होऊन येईल. तू वर्षातून आठ दिवस येतेस आणि घरात पाहुणे आल्यासारखा उजेड पडतो. मी रोज असते, तर माझ्याकडे कोण बघणार? हा एक भाग झाला, आणि तो मी स्वतःलाही कबूल केला होता. दुसरा कालपर्यंत केला नव्हता. तुझं पत्र मीही चार वेळा वाचलं, ठमे. तिकीट एकच आहे हे मला कळतं. आईला नेणं बरोबर आहे, हेही कळतं. पण ‘ताई, तुलाही एकदा नेईन’ असं एक वाक्य मी चारही वेळा शोधलं. तू मला विचारलंस ते बॅगेचं. मी नाहीच म्हणाले असते, दुकान आहे, रजा नसते, ते तुलाही माहीत आहे. बहुतेक म्हणूनच तू विचारलं नसशील. पण ‘नाही’ तरी मला म्हणू द्यायचं होतंस.

मत्सर गेलाय असं समजू नकोस. काल आई आरशासमोर तुझे बूट घालून उभी होती, तेव्हाही माझ्या पोटात दुखलंच. फक्त आता ते दुखणं मी तिच्या सामानात भरणार नाही.

गुरुवारी सकाळच्या गाडीत तिला बसवून देते. हे पत्र तिच्याचकडे देतेय, बंद पाकिटात. तिला आत काय आहे ते माहीत आहे. तुला राग येईल, यायलाच हवा. पण तो तिच्यासमोर काढू नकोस, हे तीन आठवडे तिचे आहेत. तिला बोटीवर सगळ्यात वर, वाऱ्यात उभं कर, घसा धरला तरी चालेल. आणि राग ठेव, तो घेऊन नंतर ये. दार वाजवायचीही गरज नाही. मी घरीच असते.

तुझ्यावर जळणारी,
तुझी ताई