तुमच्याही पोटाची तपासणी

गांधीबाग, नागपूर

रुपरावदादांना धाकट्या मधुकरचा नमस्कार.

परवा मला काही त्रास नसताना पुष्पानं पोटाच्या डॉक्टरकडे नेलं. आतडं साफ करायला आदल्या दिवशी दोन लिटर खारट, चिकट पाणी प्यावं लागलं. शी! पण त्याहून जास्त किळस आली ती स्वतःची. डॉक्टरांनी विचारलं, "वडील कशानं गेले?" मी म्हणालो, "म्हातारपणानं."

आपल्या सासऱ्यांबद्दलचं हे ऐकून पुष्पा तिथंच कडाडली, "काहून खोटं बोलून राहिले जी? मामाजी बावन्नचे होते. शौचातून रक्त पडून पडून गेले!"

दुर्बीण घातली तर आतड्यात मांसाचे दोन कोंब निघाले. कॅन्सर व्हायच्या आधीच डॉक्टरांनी ते काढले आणि म्हणाले, "भावाची तपासणी लवकर करून घ्या."

दादा, दसऱ्याला उमरेडच्या घरी मोरीतून तुमचं कण्हणं मला ऐकू आलं होतं. आत तुम्ही धोतर धूत होता आणि पाणी लाल वाहत होतं. मला सगळं समजलं, तरी मी पंगतीत जाऊन जिलेबी खाल्ली.

हे पत्र पाठवलं, तर तुमची सूनबाई ते तुम्हाला सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवेल. तुम्ही लाजेनं म्हणाल, "मले मूळव्याध आहे, बस." म्हणून पाठवत नाही. उद्या मीच गाडी घेऊन येतो. शिव्या घाला, हात उगारा, पण गाडीत बसा.

तुमचा,
मधुकर