तिसऱ्या नकोनंतर

१२ ऑक्टोबर, रविवार

आज फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये पोलंडचा गुडघा आला! गुडघ्यामागोमाग सव्वासहा फुटी माणूसही आला. कार्डावर नाव झ्बिग्न्येव, आणि पुढे आणखी तितकंच. दोनदा वाचून बघितलं, तिसऱ्यांदा सरळ 'कर्नलसाहेब' म्हटलं. तेही खूश, मीही सुटले. तीस वर्षं सैन्यात होते, आता इथं कुवेतमधल्या त्यांच्या वकिलातीत. रणगाड्यात टिकलेला गुडघा पार्ट्यांत उभं राहून राहून गेला म्हणे!

पाय उचला म्हटलं तर "येस सर!" म्हणून उचलला. मला, सर! आमचे नेहमीचे साहेब लोक तीनदा उचलतात आणि फोन घेतात. हे खाली ठेवायलाही परवानगी मागतात.

कोल्हापूरहून आईचा फोन. "दिवाळीला येऊ नको गं, उगाच धावपळ." बरंच झालं. रजा तरी कुठं आहे!

१४ ऑक्टोबर

त्यांनी गाव विचारलं. कोल्हापूर म्हटलं. पाय हवेतच राहिला. "वळिवडे?" म्हणाले.

आमच्या कोल्हापूरच्या घरापासून रिक्षानं जाता येतं, त्या गावाचं नाव कुवेतमध्ये पोलंडच्या माणसाच्या तोंडून! महायुद्धात घरदार गेलेले पोलिश लोक तिथल्या छावणीत राहिले होते, हे लहानपणापासून ऐकत आलेय. यांची आई त्यातलीच. यादविगा. पाच वर्षांची आली, दहाची होऊन गेली.

घरी येऊन सांगितलं. नवरोबा लक्ष्मीकांत शुऐबाच्या तेलाच्या प्लँटवरून दमून आलेले — "हं." चिरंजीव क्षितिज — "कूल." संपलं! या घरात सांगण्यात अर्थ नाही म्हणून तर ही वही.

१९ ऑक्टोबर

कर्नलसाहेब आज गप्प होते. खोदून विचारलं तेव्हा बोलले. आई सत्त्याऐंशीची, तिकडे वृद्धाश्रमात. सगळं विसरत चालली आहे. त्याचं एक वेळ चालेल, पण आता जेवायचीच बंद झाली आहे. ताट आलं की बाजूला सारते. नुसत्या पाण्यासुपावर आहे. डॉक्टर म्हणतात, असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि त्या वयात नळी म्हणजे...

वीस नोव्हेंबरपर्यंत यांना हलता येत नाही, कुठलंसं शिष्टमंडळ येतंय. "मला पाच भाषा येतात," म्हणाले. "लेबनॉनमध्ये बंदूकवाल्यांशी बोलून रस्ता मोकळा केलाय. आईला एक घास खायला लावता येत नाही."

मला फार वाईट वाटलं. शुक्रवारी जेवायला या म्हटलं. दुसरं काय करणार?

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

हसून हसून पोट दुखतंय, आणि मध्येच रडूही येतंय.

भाऊबीज काल झाली, म्हणून आज मटण. तांबडा, पांढरा, दोन्ही रस्से. साहेबांनी पहिली वाटी औषधासारखी संपवली. वाटी रिकामी दिसली, मी भरली. त्यांनी संपवली. मी भरली. त्यांच्याकडे ताटात टाकणं वाईट, आपल्याकडे ताट रिकामं राहणं वाईट. जुंपली! चेहरा तांबड्या रश्श्याचा झाला, पण पाठ ताठ. सैनिकच तो!

तेवढ्यात मी लक्ष्मीकांतना भाकरी वाढली. "नको, नको," म्हणाले. मी टाकली. ते खायला लागले.

साहेबांनी चमचा खाली ठेवला. "हे आत्ता काय म्हणाले?"

"नको. म्हणजे नो."

"मग तुम्ही वाढलं का?"

"यांचं नको ऐकत बसले असते तर हा माणूस लग्नाच्या पंगतीत उपाशी उठला असता!"

साहेब हसले नाहीत. हळू म्हणाले, "माझी आई प्रत्येक ताटाला हेच म्हणते. नर्सेसना वाटतं, असंबद्ध बडबड आहे."

भाकरीचा तुकडा माझ्या हातातच राहिला.

"मग त्या काय करतात?"

"ताट नेतात. तिला नको असेल तर जबरदस्ती करायची नाही."

"एकदाच विचारून?"

"एकदाच. अतिशय नम्रपणे."

मग त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. छावणीबाहेर एक बाई भाकऱ्या घेऊन यायची. आई सांगायची — लगेच हात पुढे केला की एक मिळायची, नको म्हटलं की दोन! साहेब साठ वर्षं हा विनोद म्हणून ऐकत आले होते.

म्हणजे म्हातारी ताट सारून वाट बघत बसलीय. कुणीतरी आग्रह करेल म्हणून!

२५ ऑक्टोबर

साहेबांचा मेसेज. "गुडघा उत्तम. पोटाबद्दल नंतर बोलू."

२८ ऑक्टोबर

क्लिनिक संपल्यावर व्हिडिओ कॉल. फजिती! पडद्यावर एवढीशी म्हातारी, कापसासारखे केस, समोर बशी. मी आपली पाहुण्यांपुढे उभी राहिल्यासारखी — "आजी, नमस्कार. आपण थोडंसं जेवून घेता का?" आपण! कुणाशी बोलले मी अशी जन्मात?

"नको," म्हणाल्या. अगदी स्पष्ट, आपल्या गल्लीतल्यासारखं. मी डोळे पुसेपर्यंत नर्सनं बशी उचलली! मला माझाच राग आला.

२९ ऑक्टोबर

आज ठरवून पदर खोचला. पदर नव्हता, क्लिनिकचा कोट होता, त्याच्या बाह्या वर केल्या.

"ए यादविगा! नको काय नको? एवढं रांधून आणलं ते काय परत घेऊन जाऊ? खा की मुकाट!"

नर्स दचकली. साहेब सावधान उभे राहिले. म्हातारीनं मान वर केली. बघत राहिली माझ्याकडे.

"नको," म्हणाली. पण हळू.

"माझी शपथ हाय. एकच घास. बघ, माझा हात दुखायला लागला धरून!"

तिसरा नकोही आला. पण तो म्हणतानाच तोंड उघडलेलं होतं!

मी नर्सवर ओरडले, "घाल, घाल!" मराठीत! तिला कळलं. चमचा आत. मग दुसरा. बटाटा होता कसलासा. अर्धी बशी संपली.

साहेब भिंतीकडे तोंड करून उभे. म्हणाले, गुडघा दुखतोय.

३ नोव्हेंबर

रोज दुपारी कॉल. आज म्हातारीनं मलाच दटावलं — "तू खा!" मी डब्यातला लाडू खाऊन दाखवला. नळीचं डॉक्टरांनी तूर्त पुढं ढकललंय. नर्स आता 'खा की' म्हणते. उच्चार भयंकर, पण दम बरोबर.

१२ नोव्हेंबर

काल त्यांच्या राष्ट्रीय दिनाची पार्टी होती. साहेबांनी तिथं सराव केला! कुठल्याशा पाहुण्यानं "नो, थँक यू" म्हटलं तर यांनी तिसऱ्या वेळेपर्यंत वाट पाहून त्याच्या बशीत दोन कबाब टाकले. तो दुसऱ्या कोपऱ्यात गेला. हे मागोमाग गेले. शेवटी त्यानं बशी पाठीमागे लपवली. "हा तिसरा नको होता की खरा नको?" मला गंभीरपणे विचारत होते. म्हटलं, साहेब, बशी लपवली की खरा. लिहून घेतलं!

१८ नोव्हेंबर

साहेब परवा निघणार. आज शेवटचं सेशन. मध्येच आईचा फोन, मी स्पीकरवर टाकला. हात तेलात होते. "डिसेंबरात येऊ नको हं, तिकीट लई महाग असतंय. मी बरी हाय." मी म्हटलं, बरं. फोन ठेवला.

साहेब उठून बसले. शब्द एकच कळला होता त्यांना. "काय नको म्हणाल्या?"

"मी येऊ नको म्हणाली. दर वर्षी म्हणते."

"आणि तुम्ही?"

"बरं म्हणते."

नव्या रंगरुटाकडं बघावं तसं बघितलं माझ्याकडं. "एकदाच विचारून?" म्हणाले.

मी म्हटलं, पाय उचला.

२२ नोव्हेंबर

साहेबांनी फोटो पाठवला. स्वतः भरवतायत. म्हातारीचा हात आडवा, तोंड उघडं.

दिवसभर कामात लक्ष नव्हतं.

२३ नोव्हेंबर

आईला फोन केला. म्हटलं, येते. "नको गं, उगाच कशाला." म्हटलं, येणार म्हणजे येणार. "नको म्हटलं न्हवं!" म्हटलं, तिकीट काढलं. तिसरा नको अगदी हळू आला. मग — "किती वाजता उतरतीस?"