आईची करंगळी

१४ मार्च

ती. बाबा,

नमस्कार. मायना नीट घातला नाही म्हणून पहिल्याच ओळीला चष्मा काढून ठेवू नका. मी मजेत आहे. कार्यशाळेतलं तुमचं टेबल आता माझ्याकडे आलंय. त्याचा डुगडुगता पाय अजून तुम्ही घडी घालून ठेवलेल्या पुठ्ठ्यावरच उभा आहे.

बातमी मोठी आहे. जुन्या रेशीम-मार्गावरच्या सराईतलं ते भित्तिचित्र, तांड्याला पाणी देणाऱ्या बाईचं, पुढच्या महिन्यात पुन्हा संग्रहालयाच्या दालनात लागतंय. तिचा झडून गेलेला हात तुम्ही रंगवला होतात, तोही ठेवून!

तो पुसायचं काम माझ्याकडेच आलं होतं. जुनी चित्रं दुरुस्त करायच्या आपल्या कामाचा नियम तुम्हीच मला शिकवलात: नवा भाग बारीक उभ्या रेघांनी भरायचा, म्हणजे जवळ गेल्यावर जुनं कुठलं, नवं कुठलं ते कळतं. आणि स्वतः मात्र "रेघारेघांच्या हातून कोण पाणी पिईल?" म्हणत सलग रंगवून मोकळे झालात. हात इतका जमला की एका विद्वानांनी त्याच्या वाकड्या करंगळीवर बारा पानं लिहिली. प्राचीन स्वागतमुद्रा म्हणे! पुढे बिंग फुटलं, तुम्हाला लबाड ठरवलं गेलं आणि तुम्ही किल्ल्या टेबलावर ठेवून घरी गेलात.

बाबा, त्यांनीच बिंग फोडलं असं समजून कार्यशाळेतल्या फोटोवाल्या काकांशी तुम्ही चार वर्षं बोलत नाही. त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं.

मी सांगितलं. त्या विद्वानांच्या भाषणात मला हसू आवरेना. शेजारी बसलेल्या संग्रहालयाच्या प्रमुख बाईंच्या कानात मी म्हटलं, "अहो, ही तर माझ्या आईची करंगळी, दारात चेंगरलेली." मला नुसतं मिरवायचं होतं हो. पण तुम्ही काकांवर संशय घेतलात तेव्हा मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. त्याची लाज अजून वाटते.

परवा हात पुसायला सांगणाऱ्या समितीपुढे मात्र बोलले. साध्या पाण्यात भिजवलेला कापूस करंगळीवरून फिरवला. रंग सगळा कापसावर आला, खालचा गिलावा जसाच्या तसा. म्हटलं, "ज्याला फसवायचं असतं, तो पाण्यानं निघणारा रंग वापरत नाही."

प्रमुख बाई बराच वेळ वाकून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "लबाड हा शब्द आम्ही लेखी मागे घेतो. हात राहू दे. वरून रेघा मारा, आणि पाटीवर त्यांचं नाव लिहा."

पाटीवर नाव, बाबा! आपल्या कामातल्या कुणाचं आजवर लागलंय? माझी छाती अशी फुगली की एप्रनचं बटण तुटायचंच बाकी होतं. आईला सांगा, तिची करंगळी दालनात लागतेय. आधी चिडेल, मग सगळ्या शेजारणींना घेऊन येईल.

काकांना काल सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "त्या हट्ट्याला ये म्हणावं."

हातावरच्या रेघा मी मारीन. पण करंगळीची जागा कोरी आहे. ती मी पुसली. मला काढता येणार नाही. तुमचा बारीक कुंचला धुऊन टेबलावर ठेवलाय.

वाट पाहणारी,
तुमची चुगलखोर लेक