यांचा शेवटचा गोळा

१० जाने. १९३७, रवि., जालना
जिंकले! कचेरीतले पेशकार हरले आणि चहा न घेताच घरी गेले. आता चषकासाठी शेवटचा सामना, आणि समोर कोण? आमचेच हे. छावणीच्या क्लबात हिरवळीवरचा हा लाकडी गोळ्यांचा इंग्रजी खेळ खेळणारे उरलेत जेमतेम, म्हणून सेक्रेटरी मिर्झासाहेबांनी बायकांनाही नावं द्या म्हटलं. दिलं मी एकटीनंच. सासूबाईंना भीतभीत सांगितलं, तर म्हणाल्या, "नवऱ्यासंग गोट्या खेळून राह्यली व्हय? खेळ. पण हरू नको मंग."

१२, मंगळ.
जेवताना यांना बजावलं, मुद्दाम हरायचं नाही. शपथ घ्या.
"कुणाची? तुझी?"
"माझी नको. तुमच्या दवाखान्याची घ्या."
हसले, पण घेतली.

१४, संक्रांत
हळदीकुंकवाला सगळ्या जणी आल्या. शेजारच्या काकू : "नवऱ्याला हरवून अन्न गोड लागंल का गं?" लागेल की! यांना तिळगूळ दिला आणि सांगितलं, गोड बोलेन, पण खेळणार तिखटच. थंडी फार. गुडघा दुखतोय, कुणाला सांगितलं नाही.

१७, रवि.
पदर खोचून उभी राहिले. पांढऱ्या गोळीच्या सर्वांत जवळ ज्याचा गोळा, त्याला गुण; एकवीस आधी करील तो जिंकला. हे चौदावर, मी सातावर. मनात म्हटलं, आटोपलं. मग कळलं की गवत वाळलंय, गोळा नेहमीपेक्षा लांब पळतोय. हात आखडता घेतला आणि गोळे गोळीजवळ बसू लागले एकेक. वीस-वीस!
शेवटच्या डावात माझा गोळा पांढऱ्या गोळीपासून वीतभर. यांच्या हातात एकच उरलेला. आमचे लाकडी गोळे सरळ जातच नाहीत, खूण ज्या अंगाला त्या अंगाला वळतात. यांनी उजवीकडून टाकला. आत वळून गोळीला बिलगायचा, हा तर यांच्या हातचा मळ. आणि गोळा वळला बाहेर! थेट हिरवळीच्या कडेच्या चरात. खूण उलट्या अंगाला धरलेली. नवशिके करतात ती चूक, पहिल्या आठवड्यातली.
मिर्झासाहेब : "डॉक्टरसाब, ये क्या किया!" सगळे खो खो हसले. चषक माझ्या हातात दिला. मला मेलीला आनंदच होईना.
घरी विचारलं, खरं सांगा.
"सांगितलं ना, चुकलो."
सासूबाईंशी सोंगट्या खेळताना हे किती बेमालूम हरतात, ते लग्न झाल्यापासून बघतेय. विश्वास कसा ठेवू? मोरीत जाऊन रडले. मला ओवाळणी नको होती, सामना हवा होता.

१८, सोम.
अबोला. आमटीत मीठ जास्त म्हणून हे उठले ते तसेच दवाखान्यात. सासूबाई : "चषक आला तं घरात सुतक आल्यावानी काय बसले दोघं?"

१९, मंगळ.
उठले तर हे नाहीत. गोळ्यांची पेटीही नाही. शाल गुंडाळून क्लबवर गेले. हिरवळीवर दव, आणि हे एकटेच, कोट काढून, पायजमा घोट्यापर्यंत भिजलेला. दर वेळी गोळा उलटसुलट करून खूण बघायची, पुटपुटायचं, मग टाकायचा. पुन्हा तेच. मी मेंदीच्या कुंपणाआड उभी. एक गोळा बरोबर जाऊन गोळीला बिलगला, तर यांनी मांडीवर थाप मारली आणि तेवढ्यात मी दिसले. चेहरा असा पडला!
"कव्हा आल्ती?"
"आत्ताच." (खोटं.)
"सारा बाजार हसून राह्यला माझ्यावर. काल एक पेशंट, ताप चढलेला, तो बी म्हणे, डॉक्टरसाब, खूण कोन्या अंगाला?"
मला हसू आवरेना. हे आणखी चिडले. चिडले म्हणून मला इतकं बरं वाटलं की तिथंच यांचा हात धरावा. धरला नाही, माळी होता.
"रविवारी पुन्हा खेळशील?"
"खेळेन की."
दुपारी अंगणात सराव करायला म्हणून पेटीतला एक गोळा मागितला. "न्हाई," म्हणाले, "मला लागतात चारी." पेटीचं झाकण लावून वर हात ठेवला. जिंकेन की नाही, देव जाणे. पण हे मला घाबरलेत.